घशाला मऊ लागेल अशी वाईन

२ फेब्रुवारी १९३६, रविवार. भाटघर.

आजपासून रागवायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं. मुळात मी रागीट नाहीच. लोक मला राग आणतात आणि वर म्हणतात, ज्ञानू शिळीमकर तापट आहे. ज्ञानू! मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, धरणाच्या हपिसात रोज पाण्याची पातळी मोजून लिहिणाऱ्या माणसाला ज्ञानू! मिस्टर डी. बी. शिळीमकर म्हणायला यांच्या जिभेला काय फोड येतात?

रतन अजून वरव्यालाच आहे. गणपती झाल्यावर जी माहेरी गेली ती गेली. बरं, कारण काय? काही नाही. मी हौसेनं भोरच्या बाजारातून सुकट आणली होती. बाईसाहेबांनी नाकाला पदर लावला आणि परसात पळाल्या, ओकाऱ्या काढायला. माझ्या सुकटीवर! त्याआधी महिनाभर नखरे चालूच होते. चूल पेटली की डोकं धरून बसायचं. भाकरी नको, चिंच पाहिजे. एकदा तर भिंतीचा पोपडा काढून खाताना मी स्वतः पकडली. माझ्या पगारात हिला माती खायची वेळ आली असं गावाला दाखवायचं असेल! त्या दिवशी ताट माझ्या हातून सुटलं आणि दारापर्यंत गेलं. मी म्हणालो, जा तुझ्या आईकडे. बोलायची पद्धत असते ती. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण मी म्हटलं, चकार शब्द नको. तर खरंच गेली.

घरात आता शांतता आहे. मला शांतता आवडते. भाकरी मीच थापतो, तिचा नकाशा होतो, पण चव तीच. आठवण वगैरे काही येत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

आज शोध लागला.

पातळीचा कागद घेऊन साहेबाच्या बंगल्यावर गेलो होतो. नवे साहेब आणि मडम व्हरांड्यात बसले होते. मध्ये छोटं टेबल, दोन खुर्च्या, दोघांच्या हातात काचेचा ग्लास, आत लाल काहीतरी. मी पायरीखाली टोपी हातात धरून उभा. बराच वेळ उभा. (याचा राग आला नाही.) साहेब हळू आवाजात बोलला. मडम काहीतरी म्हणाली. साहेबानं ऐकून घेतलं! मग मडम हसली, साहेबही हसला. आरडाओरडा नाही, भांड्यांचा आवाज नाही.

घरी येईपर्यंत विचार केला. साहेब काही देव नाही. हपिसात तो माझ्यावर ओरडतो तेव्हा घुबडंसुद्धा उडतात. मग घरात इतका गार कसा? उघड आहे. सगळी जादू ग्लासात आहे. आपल्याकडे नवराबायकोत जी भांडणं होतात ती चहानं. चहा डोक्यात जातो. इतकी साधी गोष्ट इतक्या पिढ्यांत कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणजे कमाल झाली.

प्लॅन असा. रतनला एका संध्याकाळी घरी बोलवायचं. नांदायला ये असं म्हणायचं नाही, ते लोटांगण होईल. फक्त पाहुणी म्हणून. ये, बस, घोटभर घे, दोन शब्द बोल, मग जायचं तर जा. मॉडर्न लोकांत असंच असतं. जबरदस्ती नाही. एकदा खुर्चीत बसली की ती कशाला जाते!

६ फेब्रुवारी, गुरुवार.

साहेबाचा बटलर मानसिंग याला गाठलं. आधी भाव खाल्ला. मग मी अंडी दिली. मग म्हणाला, बाटल्यांच्या तळाशी राहतं ते चाखून बघा आणि काय ते ठरवा.

मी अटी सांगितल्या. कडू नको. घसा जळायला नको. पहिल्या घोटाला बाईमाणसाचं तोंड वाकडं झालं की संपलं, तिच्या तोंडाचा मला अनुभव आहे. घशाला मऊ लागली पाहिजे. आणि स्वस्त. मी साहेब नाही. मानसिंग म्हणाला, स्वस्त आणि चांगली एका बाटलीत मावत नाहीत. बटलरनं क्लार्कला शिकवावं! पण रागावलो नाही. फक्त सांगितलं की तुझं काम ओतायचं आहे, बोलायचं नाही.

चाखण्याचा निकाल:

क्लॅरेट नावाची एक. तोंड आवळलं. जांभळाच्या बिया चघळल्यासारखं. बाद.

एक पांढरी, उंच बाटलीतली. पाण्याला लिंबू लांबून दाखवलेलं. याला पैसे देतात? बाद.

शेरी. खारकेचं पाणी, पण मागून चावते. बाद.

व्हिस्की मानसिंगनं मुद्दाम दिली. ही वाईन नव्हे हे नंतर सांगितलं. नालायक.

पोर्ट. वा! मनुकांचा रस, गोड, दाट. घसा विचारतसुद्धा नाही कोण आलं म्हणून. हीच. रतनला ही आवडलीच पाहिजे. नाही आवडली तर तिच्या जिभेत दोष.

घरी येताना बांध जरा हलत होता.

८ फेब्रुवारी, शनिवार.

गेनू हपिसातला शिपाई. वरव्याजवळच्या नसरापूरचा, दर शनिवारी घरी जातो. त्याच्याकडून वरव्याला निरोप पाठवला. एका संध्याकाळपुरती पाहुणी म्हणून यावं, खुर्चीची सोय आहे. गेनू म्हणाला, सायेब, तुमीच का जाऊन येत न्हाई, आता दिवस... मी म्हटलं, दिवस आहे का रात्र आहे ते मला घड्याळात दिसतं. निरोप सांग आणि ये.

या माणसाला वाक्य पुरं करायची वाईट खोड आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार.

उत्तर आलं. सासरे रखमाजी म्हणतात, रतनला आता हलता यायचं नाही, जावईबापूंनीच एकदा येऊन जावं.

हलता यायचं नाही! पाच महिने आईच्या हातचं तूप खाल्ल्यावर कसं हलता येईल? गेनूला विचारलं, जाड झाली काय? तो जमिनीकडे बघत म्हणाला, व्हय, तसंच म्हनायचं. मला वाटलंच होतं. इथे मी नकाशे खाऊन वाळतोय आणि तिकडे बाईसाहेब फुगतायत. गेनू आणखी सांगणार होता. म्हटलं, पुरे. बायकोच्या जाडीची चर्चा मी शिपायाबरोबर करणार नाही.

तरी रागावलो नाही. तारीख पुढे ढकलली, एवढंच. रविवार तेवीस. तोवर पोर्टची सोय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

आज मात्र संतापलो. आणि संतापायचं नाही तर काय आरती ओवाळायची?

सकाळी दारात चिमाजी, रतनचा धाकटा भाऊ. वरव्याहून आला, धापा टाकतोय, आणि दात काढतोय. मेव्हण्यानं माझ्या दारात दात काढावेत! हातात कागदाची पुडी. काय म्हणून बघतो तर साखर. ना निरोप, ना माफी, सरळ साखर पुढे केली. म्हणजे काय, पाच महिने माणसाचा अपमान करायचा आणि चिमूटभर साखर चारून गप्प बसवायचं? मी काय घोडा आहे? तो म्हणाला, दाजी, तोंड तर गोड करा, मंग सांगतो. मी म्हटलं, आधी सांग ती इथे येते का. तो म्हणाला, आता सव्वा महिना तर कशी येईल. सव्वा महिना! साखर देऊन वर मुदत!

पुडी अंगणात गेली. चिमाजी म्हणाला, दाजी, ऐका तरी. मी काठी बघू लागलो. तेव्हा गेला. जाताना त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. होऊ दे. अंगणात मुंग्यांची चैन आहे.

संध्याकाळी नियम केला. गेनूला, शेजारच्या ठकुबाईला, मानसिंगला, सगळ्यांना बजावलं. वरव्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. जो काढील त्याची खैर नाही. ठकुबाई म्हणाली, आरं पर ज्ञानू... तिलाही गप्प केलं. वयानं मोठी आहे म्हणून दोनदाच ओरडलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

राग गेला. बोलवायचा बेत मी त्यांच्यासाठी थोडाच केला? रतनसाठी केला. तिला साखरेचं माहीतही नसेल. बिचारी. भावानं मधल्यामध्ये शहाणपणा केला असेल.

सकाळी तिची निळी फणी कोनाड्यात सापडली. केस अडकलेले होते. फेकणार होतो. ठेवली, कारण पाहुणीला लागेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

भोरला बाजार. बाटली आणली!

इंग्लिश बाटली पुण्याला कँपात मिळते आणि तिची किंमत मानसिंगनं सांगितली तेव्हा मी त्याला खोटारडा म्हणालो होतो. पण भोरच्या औषधाच्या दुकानात स्वस्तातली पोर्ट असते असं कळलं. औषधाच्या दुकानात का, ते कळलं नाही. लायसनचं काही असेल.

दुकानात गर्दी. मी ऐटीत म्हणालो, बायकोसाठी सौम्य काहीतरी द्या, घशाला मऊ लागेल असं. दुकानदारानं एक शब्द विचारला नाही. हात वर केला आणि बाटली काढली. पोर्टच! म्हणाला, हीच न्या, सगळे हीच नेतात.

सगळे हीच नेतात! म्हणजे अख्खं भोर संध्याकाळी बायकोबरोबर बसून वाईन घेतंय आणि आम्हा भाटघरवाल्यांना पत्ता नाही. संस्थानचं गाव ते. सुधारणा अशी असते.

मग दुकानदारानं सगळी अब्रू घालवली. म्हणाला, दोन चमचे, जेवण झाल्यावर, सकाळ-संध्याकाळ. चमच्यानं वाईन! मी म्हटलं, ग्लासानं देणार. तो घाबरून म्हणाला, अहो भलतंच काय, नाजूक शरीर असतं. मी म्हटलं, नाजूक राहिलेलं नाही, निरोप आलाय. तेव्हा एक म्हातारी पुढे झाली, तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की बायकोसाठी स्वतः बाटली न्यायला येणारा नवरा पहिल्यांदा बघितला, लई गुणाचा हाय.

हे बरं वाटलं. अनोळखी म्हातारीला कळतं ते सासऱ्याला कळत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

ठकुबाई आली होती. फळीवरची बाटली बघितली आणि एकदम डोळ्याला पदर लावला. म्हणाली, म्हंजी तुला समदं ठावं हाय तर, म्या उगाच जीव टांगणीला लावला. म्हटलं, मला सगळं ठाऊक असतं. ती म्हणाली, तुझी आई आक्काबाई असती तर आज काय केलं असतं आन् काय न्हाई. मी म्हटलं, आईला वाईन चालली नसती. ती हसली. का हसली कोण जाणे.

दुपारी परत आली. टोपलीत काय? डिंकाचे लाडू. शेपूची भाजी. अळीव. म्हणाली, हे बी संगट असू दे, बाटलीवर एकट्यावर काय भागतंय.

शेपू! मानसिंगनं स्पष्ट सांगितलं आहे की वाईनबरोबर बिस्किटं, चीज, फार तर खारे दाणे. जगात कुठल्या टेबलावर वाईनबरोबर शेपूची भाजी असते? एवढ्यावर थांबली नाही. बाज देऊ का म्हणाली, आणि शेगडी. पाहुणीला बाजेवर आडवी घालू? आणि खाली विस्तव ठेवून भाजू? माझ्याकडे खुर्च्या आहेत! इतका ओरडलो की कोंबड्या कौलावर चढल्या. ती मात्र रागावली नाही. म्हणाली, पहिलीच खेप हाय, पुरुषाला काय कळतंय, आन् टोपली ठेवून गेली.

अडाणी माणसं. लाडू मात्र बरे होते. चार खाल्ले.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

हद्द झाली.

सर्व्हिस मोटारच्या ड्रायव्हरबरोबर वरव्याहून निरोप. गेनूनं घाबरत सांगितला. रविवारी तुमीच या, समदी वाट बघत्यात. बाटली आनली असं बाजारात कळलं, लई बरं वाटलं, ती बी संगट घेऊन या.

बाटली घेऊन या! आता कळलं सगळं. मुलगी पाठवायची नाही, पण माझी पोर्ट पाहिजे. रखमाजीनं गळ्यात माळ घातली आहे, शिवेबाहेर कोंबडी शिजली तरी नाक दाबतो, आणि जावयाच्या बाटलीवर डोळा! आणि समदी वाट बघत्यात म्हणे. समदी म्हणजे कोण? अख्खी भावकी ग्लास घेऊन बसली आहे काय?

गेनूला उलट निरोप दिला, शब्द न् शब्द पाठ करून घेतला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता रतननं इथे यायचं. एकटीनं. नाही आली तर काडीमोड. मी थट्टा करत नाही.

गेनूचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, सायेब, रविवारी तर बा... मी टेबलावर पट्टी आपटली. मग गेला.

काडीमोड शब्द उच्चारल्यावर छातीत थोडं धडधडलं. लाडू बाधले असणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

तयारी.

टेबल: हपिसातलं सर्व्हेचं टेबल, तीन पायांवरचं. साहेबाला सांगितलेलं नाही. एका बाजूला कलतं, पण बुडबुड्याची पट्टी लावून लेव्हल केलं.

खुर्च्या: एक हपिसातली. एक मानसिंगकडून, वेत फाटलेली. ती मी घेईन.

ग्लास: मानसिंगनं दोन दिले. एकाची खालची बैठक मोडली आहे, नुसता दांडा उरलाय, त्यामुळे खाली ठेवता येत नाही. तो पाहुणीला. म्हणजे ग्लास टाकून ऊठसूट चुलीकडे पळणार नाही.

रंगीत तालीम घेतली. गेनूला रतन केलं. खुर्चीच्या कडेला उकिडवा बसला. म्हटलं, नीट बस. ग्लासात पाणी दिलं. त्यानं डोळे मिटले, नाक धरलं आणि एका दमात प्याला, एरंडेल घेतात तसं. म्हटलं, अरे, घोटघोट! मधे बोलायचं! मी विचारलं, काय म्हणतेस? तो म्हणाला, जी. मी विचारलं, बरी आहेस ना? तो म्हणाला, जी, बाळंतीण बरी हाय. मी म्हटलं, गाढवा, इथे बाळंतीण कुठून आली? तालमीत घरच्या गोष्टी काढायच्या नाहीत. त्याची बायको बाळंत झाली असेल, पण म्हणून माझ्या संध्याकाळीत तिला घुसवायचं?

हाकलून दिला. तालीम एकंदरीत चांगली झाली.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

निरोप पोचला का विचारलं. गेनू म्हणतो, पोचंल. याला सरळ उत्तर येत नाही.

बोलायचे विषय ठरवले. धरणात पाणी किती. मडमेचे गुलाब. वेल्ह्याकडच्या धनगरांच्या मेंढ्या. सुकटीचा विषय काढायचा नाही. तिनं काढला तर हसून टाळायचं. ताट दारापर्यंत गेलं त्याबद्दल एक वाक्य तयार केलं आहे. तीनदा म्हणून बघितलं. दर वेळी शेवटी दोष तिचाच निघतो. मला खोटं बोलता येत नाही त्याला काय करणार?

घर सारवून घ्यायला ठकुबाईला सांगितलं. तिनं आनंदानं सारवलं. म्हणाली, उद्या मी बी येणार व्हते वरव्याला, पर गुडघा धरलाय. वरव्याचं नाव काढायचं नाही हा नियम तिनं मोडला. सारवण ओलं होतं म्हणून सोडून दिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार.

दुपारी ४. सगळं तयार. दाढी केली. कोट घातला. फणी टेबलावर ठेवली.

५. यायची वेळ. मोटार थोडी उशिरा असते.

५.२०. मोटार गेली. थांबली नाही. आतून ड्रायव्हरनं हात केला. मला कसला हात करतो!

५.४५. कदाचित बैलगाडीनं येत असेल. जाड माणसाला मोटारीची पायरी चढता येत नाही.

६. दाणे संपले. पाहुणीसाठी पुन्हा भाजणार नाही.

६.१०. तिचा ग्लास भरला. बैठक नाही त्यामुळे हातात धरून बसावं लागतंय. आली की लगेच देता येईल.

६.२५. हात दुखला. तिचा ग्लास प्यायलो. नाहीतर सांडला असता.

६.३०. वाईन उत्तम आहे. निवड चुकलेली नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगणार आहे.

७. दिवे लागले. ठकुबाई दारात आली, बघितलं, आणि म्हणाली, आरं तू गेला न्हाईस व्हय? आज तरी जायचं हुतंस रं. माझ्या घरात मी बसलोय आणि ही विचारते गेला नाहीस! ओरडलो. आज ती हसली नाही. माझ्याकडे कशीतरीच बघत राहिली आणि गेली.

७.२०. बाटली उघडी ठेवली तर बिघडते, असं मानसिंग म्हणतो. माझे कष्टाचे पैसे आहेत.

७.४०. टेबल कललं. लेव्हल नीट होतं, जमीनच कलली आहे.

८. संपली. ठीक आहे. माणसानं किती वाकायचं? सुधारलेल्या पद्धतीनं बोलावलं, खुर्ची दिली, वाईन आणली, आवाज चढवला नाही. तरी येत नाही. काडीमोड. उद्या पहिलं काम. स्वतः जाणार, चार माणसांसमोर सांगणार, आणि त्या रखमाजीला म्हणणार की बाटली मी प्यायलो, थेंब ठेवला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

रजा टाकली. डोकं ठणकत होतं. सकाळच्या मोटारीनं निघालो, नसरापूरला उतरलो आणि पुढे चालत. वाटेत सगळं भाषण पाठ केलं. रखमाजीला काय, सासूबाई साळूबाईंना काय, रतनला काय. एकेक शब्द असा की पुन्हा कुणी मान वर करणार नाही. वरवे बुद्रुक दिसू लागेपर्यंत मी इतका तापलो होतो की वाटेत राम राम घालणाऱ्यांनासुद्धा उत्तर दिलं नाही. सगळेच राम राम घालत होते. सगळेच हसत होते.

दाराला आंब्याची डहाळी होती, कालची, कोमेजलेली. अंगणात पत्रावळी पडलेल्या. म्हणजे इकडे जेवणावळी झोडल्या! मी तोंड उघडणार तेवढ्यात रखमाजी बाहेर आले. हातात पाय धुवायला पाणी. आलात, बरं केलंत, म्हणाले. काल लई वाट बघितली. ना राग, ना टोमणा. काडीमोडाचं विचारलंसुद्धा नाही, तेव्हा कळलं की गेनूनं तो निरोप पोचवलाच नव्हता. त्याला बघून घेईन असं मनात म्हणतोय, तोवर रखमाजींनी माझ्या हातात मूठभर घुगऱ्या ठेवल्या. घुगऱ्या कशाबद्दल वाटतात ते मला माहीत आहे. गावात कुणालाही माहीत असतं. तरी मी विचारलं, कशाच्या?

आतून तान्हं रडलं.

मी म्हटलं, कुणाचं?

रखमाजी माझ्याकडे बघतच राहिले. मग हळू म्हणाले, "तुमची हाय, जावईबापू."

भाषणातलं एकही वाक्य आठवेना.

आत नेलं. अंधारी खोली, बाज, खाली शेगडी. रतन जाड झालेली नाही. निम्मी झाली आहे. कुशीत फडक्यात गुंडाळलेली मुलगी, केवढी तर माझ्या टोपीत मावेल एवढी. गेल्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी झाली. दुसऱ्या दिवशी चिमाजी साखर घेऊन आला होता. काल बारसं होतं. साळूबाईंनी हे सगळं सांगितलं, मोजकं, जावयाला लागू नये अशा बेतानं. त्यानं जास्तच लागलं.

बाळंतीण फार अशक्त आहे, ताप येऊन गेला, हे त्यांनी मग सांगितलं. डॉक्टरनं ताकदीसाठी तेच औषध आणायला सांगितलं होतं. तुम्ही आणलंय असं कळलं म्हणून आम्ही दुसरं आणलं नाही, म्हणाल्या. बाटली कुठाय?

मी म्हटलं, वाटेत फुटली.

रतननं माझ्याकडे बघितलं. मी बाजेजवळ उभा होतो आणि माझ्या तोंडाला कालचा वास होता. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. तिकडे बघतच म्हणाली: "तीनदा सांगावा धाडला. त्याच्या आधी मी सवता सांगत हुते, त्या दिशी. तुमी ऐकून घेता व्हय?"

मी विचारलं, नाव काय ठेवलं. साळूबाई म्हणाल्या, आक्का. तुमच्या आईचं. रतनचाच हट्ट होता. दिवस मावळेपर्यंत पाळणा थांबवला होता, बापानं यावं म्हणून. माणसं खोळंबली, मग ठेवलं.

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. खरंच होतं. म्हणालो, मग केव्हा येतेस घरी? रतन म्हणाली, सव्वा महिना होऊ द्या, मग बघू. बघू? बघू म्हणजे काय? मी नवरा आहे, माझी मुलगी आहे, माझ्या आईचं नाव आहे, आणि बघू? एवढं मी बोललो. किती मोठ्यानं बोललो ते मला कळलं नाही. मुलगी दचकली, दोन्ही हात वर फेकले आणि निळी होईस्तोवर रडत सुटली.

रतननं तिला उचललं, छातीशी धरलं आणि माझ्याकडे पाठ करून कुशीवर झाली. साळूबाई पुटपुटत मुलीची दृष्ट काढू लागल्या. चिमाजी दारात उभा होता, तो बाजूला झाला, मला जायला वाट म्हणून.

अंगणात रखमाजींनी विचारलं, जेवून जाता का. मी म्हटलं, हपीस आहे. रजा टाकली होती. दुपारची मोटार मिळाली. घुगऱ्या मुठीतच होत्या, त्या मोटारीत खाल्ल्या.